हाजीअलीचा मॉल आणि आपली पेठ



दशभुजा गणेशाच्या हेदवी गावात मॉलवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण हा मॉल आपल्याला परका नाही. मुंबई सेंट्रलच्या आगारात एस.टी.तून उतरून ताडदेवमार्गे हाजीअलीकडे निघालं की तो लागायचा. १९९९ साली तो उघडला तेव्हा त्याचं नाव होतं क्रॉसरोड्स. भारतातला पहिला मॉल म्हणून त्याचं नाव घेतात. चेन्नईचा स्पेन्सर प्लाझा आणि दिल्लीचा अन्सल प्लाझा यांचाही तसा दावा आहे. त्या वादात आज शिरायला नको. पिरामल समूहाने रोश या औषध कंपनीची भारतातली शाखा विकत घेतली आणि तिच्या जागेवर हा मॉल उभा केला. सरकते जिने, थंडगार हवा, काचेआड मांडलेला परदेशी माल. गर्दी इतकी लोटली की चालकांनी दारावर नियम लावला: मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा.

१९९९ सालचा मोबाइल आठवा. आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. तो कोणाच्या खिशात असायचा? तिथून जवळच, लालबाग-परळात, आपल्या गुहागर तालुक्यातली माणसं एका खोलीत दहा-दहा जण राहून गिरणीत राबली होती. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांची चूल विझली. त्या घरांतली मुलं मोठी होऊन हाजीअलीला गेली असती तर त्यांना दारावरच अडवलं असतं. टीका झाली, नियम मागे घेतला गेला. पण मला तो आजही खुपतो. बाजारात माणूस नुसता बघायला येतो, तोच पुढे गिऱ्हाईक होतो. बघणाऱ्याला दारात थांबवणारा बाजार उद्याचं गिऱ्हाईक घालवतो.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. काही वर्षांतच मॉल किशोर बियाणींच्या फ्यूचर समूहाकडे गेला आणि त्याचं नाव सोबो सेंट्रल झालं. जागा जेमतेम दीड लाख चौरस फूट. तेवढ्यात लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात त्याहून कितीतरी मोठा बाजार वाढत गेला. १९०५ सालची ती गिरणी. जिथे आपल्या माणसांनी सूत कातलं तिथे खाणं, सिनेमा, खरेदी सगळं एका फेरीत होऊ लागलं. लहान मॉलकडे लोकांची पाठ फिरली. मग कोरोना आला. त्यातच फ्यूचर समूह कर्जात बुडाला आणि २०२२मध्ये फ्यूचर रिटेलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मॉलवर कॅनरा बँकेचं ५७१ कोटींचं येणं थकलं होतं. २०२४ साली तो के. रहेजा कॉर्पने ४७६ कोटींना घेतला. पंचवीस वर्षांत एवढं सगळं घडलं.

तो एकटाच गेला असंही नाही. नाइट फ्रँक या संस्थेच्या पाहणीत २०२३ साली देशातल्या आठ मोठ्या शहरांत चाळीस टक्क्यांहून जास्त गाळे रिकामे असलेले ६४ मॉल आढळले. आदल्या वर्षी ते ५७ होते. यांतले बरेचसे लहान आहेत. कित्येक ठिकाणी बिल्डरने गाळे सुटे-सुटे विकून टाकले. गाळेवाले शंभर, पण पूर्ण इमारतीची काळजी वाहणारा एकही नाही. मुळात अमेरिकेत १९५६ साली मिनेसोटात साउथडेल हा बंदिस्त मॉल व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाच्या वास्तुविशारदाने बांधला. त्याच्या मनात होता गावचा चौक. पुढे मॉलचं जे झालं ते पाहून त्याने जाहीरपणे त्यापासून हात झटकले.

आता चिपळूणकडे या. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. धान्य, कापड, औषधं, हिशेबाच्या वह्या, सगळं चिखलात गेलं. दुकानदारांनी फावड्याने चिखल उपसला, भिजला माल रस्त्यावर टाकला आणि पुन्हा दुकानं लावली. हाजीअलीच्या मॉलवर असा पूर आला नव्हता, तरी तो ओस पडला.

हा फरक कशामुळे? पेठेतल्या दुकानदाराची वही डोळ्यांसमोर आणा. पानाच्या माथ्यावर घराचं नाव, खाली साखर, रॉकेल, चहापूड. मुंबईची मनीऑर्डर आली की बाकी थोडी उतरायची. आंबा-काजूचे पैसे हातात आले की उरलेली. पावसाळ्यात चार महिने घर त्या वहीवर चालायचं. पेठेचे दोषही मी झाकणार नाही. वही त्याची, भावही त्याचाच. गरिबाला दुकानात ताटकळत ठेवलं जायचं. हाताळून बघायची मोकळीक, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हे मॉलने दिलं, आणि ते आपल्या पेठेने शिकायला हवं. पण अडीअडचणीला गिऱ्हाइकाला सांभाळून घेणारा दुकानदार मॉलमध्ये कधीच नव्हता. म्हणून मॉल सुटताना कोणाला काही वाटलं नाही.

आज शृंगारतळीत, गुहागरात नवे गाळे उठताहेत. मुलांनी ते जरूर घ्यावेत, पण घेण्याआधी आपल्या मालाला बारा महिने गिऱ्हाईक आहे का, एवढं बघावं. गणपती आणि मे महिन्याच्या गर्दीवर हिशेब मांडू नये. आणि चाकरमान्यांना माझं एक मागणं आहे. गणपतीला येताना वाणसामानाच्या पिशव्या तुम्ही मुंबईहूनच भरून आणता. या वर्षी निदान तांदूळ, गूळ, तेल आणि मखराचं सामान इथल्या दुकानातून घ्या.