वाण्याची चोपडी

राजघराण्यांच्या बखरी असतात, देवळांचे शिलालेख असतात. गल्लीच्या तोंडाशीं बसणाऱ्या वाण्याच्या दुकानाचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाहीं. त्याचा इतिहास एका लांबट, लाल बांधणीच्या चोपडींत असतो. आज मी त्या चोपडीविषयीं बोलणार आहें, आणि तेंही मुंबईच्या गिरणगांवांतील दुकानांपुरतेंच. कारण लालबाग-परळच्या बाहेर मी फारसा राहिलों नाहीं.

ह्या दुकानांचे मालक बहुधा कच्छी, गुजराती किंवा कोंकणांतले वैश्यवाणी. पुढें दुकान, मागें किंवा माळ्यावर बिऱ्हाड. बाप गल्ल्यावर, थोरला मुलगा तागडीशीं, धाकटा पुड्या बांधावयास, आणि शेठाणी आंतल्या खोलींत डाळ-तांदूळ निवडीत बसलेली. माल मशीद बंदर आणि मांडवी येथील घाऊक पेठेंतून मुदतीवर यावयाचा. एवढ्यावर दुकान चालतें असें पाहणाऱ्यास वाटे. परंतु तें खरोखर चालत होतें गिऱ्हाइकाच्या पगाराच्या तारखेवर.

गिरणींतला पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. १९३६ च्या वेतन कायद्यानें हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांस दहा दिवसांची मर्यादा घातली. तरी साताऱ्याहून किंवा रत्नागिरीहून नुकत्याच आलेल्या माणसानें पहिला पैसा हातीं पडेपर्यंतचे चाळीस दिवस खावें काय? गांवचा कोणीतरी त्याला दुकानाशीं नेऊन उभा करी आणि म्हणे, “शेठ, हा आपलाच आहे.” एवढ्यावर खातें उघडे. कागद नाहीं, तारण नाहीं. अर्थात् उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षां चढा असे, आणि उधारीच्या गिऱ्हाइकानें तांदळांतल्या खड्यांबद्दल फार बोलूं नये असा संकेत असे. वाणी कांहीं धर्मशाळा चालवीत नव्हता.

चोपडीचा जांच आपल्या मुलुखाला नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनीं कर्जाचे कागद जाळले, तें उगीच नव्हे. परंतु सावकार व वाणी यांत एक भेद आहे. कुळ बुडालें तरी सावकाराला जमीन मिळे. चाळींतल्या खोलींत जप्त करावयास पितळेच्या चार भांड्यांखेरीज होतें काय? म्हणून वाण्याला गिऱ्हाईक बुडवून चालत नसे; तें जगलें तरच बाकी वसूल होई.

काळाबरोबर चोपडींतील अक्षरें बदललीं. २ मे १९४३ रोजीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. १ एप्रिल १९५७ ला चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढच्या वर्षीं ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनें येऊं लागलीं आणि ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा होऊन बसला. पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या शेठांची त्या वेळीं जी तारांबळ उडाली, ती आमच्या वडिलांच्या पिढीचा आवडता विषय होता.

खरी परीक्षा मात्र संपांची. १९२८ सालीं गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारें सहा महिने, बंद होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागें घेतल्याचें कोणी ऐकलें नाहीं. आमच्या गल्लींतील दुकानीं त्या वेळीं बापलेकांचा रोज वाद होई. मुलगा म्हणे, घाऊक व्यापारी मुदत वाढवीत नाहीं, आतां लिहिणें बंद करूं. बाप म्हणे, आज बंद केलें तर मागचेंही गेलें. बायका फळीशीं येऊन खालच्या आवाजांत सांगत, “शेठ, दोनच किलो तांदूळ लिहा.” म्हातारा लिही; मात्र दोनांचा एक करी. पावसाळा संपेतों गुळ, खोबरें, गोडेतेल देणें थांबलें. तांदूळ व तूरडाळ तेवढी राहिली. दिवाळींत नव्या वहीची पूजा झाली, तींत जुन्या बाक्या उतरूनच घ्याव्या लागल्या. अखेर शेठाणीच्या पाटल्या मोडून पेठेचें देणें भागविलें. पुढें कांहीं जणांनीं गांवाहून येऊन पैसे फेडले. कांहीं पुन्हां दिसलेच नाहींत. त्यांचीं पानें म्हाताऱ्यानें खोडलींही नाहींत. मुलाचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या हिशेबांत खोट नव्हती.

आतां गल्ल्यावर नातू आहे. धान्याची पेठ केव्हांच वाशीला गेली. २०१६ नंतर आलेली मोबाइलनें पैसे देण्याची चौकटींची पाटी बरणीला टेकून उभी असते. गिरण्यांच्या जागीं टॉवर झाले आहेत; तेथील मंडळींचें महिन्याचें सामान मोठ्या दुकानांतून घरपोंच येतें, ह्याच्याकडे तीं कोथिंबीर आणि काड्यापेटी घेण्यापुरतीं येतात, आणि पैसे तत्काळ देतात. चोपडी मात्र गल्ल्याखालीं अद्याप आहे. तींत नांवें आहेत तीं टॉवरांतल्या पहारेकऱ्यांचीं, मोलकरणींचीं आणि इमारतीच्या कामावरील मजुरांचीं. त्यांचाही पगार महिना उलटल्यावरच होतो.