द्राक्षांच्या मुलखात सायकलवरून



फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात बोन ते सांतने या गावांदरम्यान सुमारे वीस किलोमीटरची एक सायकलवाट आहे. द्राक्षमळ्यांच्या अगदी मधून जाते. मित्रांची टोळकी तिथं दिवसभर रमतगमत सायकली चालवतात, गावागावांत थांबतात, वाईन करणाऱ्यांशी गप्पा मारतात. त्या मळ्यांना २०१५ साली युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला.

असाच एक मुलूख आपल्या पुणे जिल्ह्यातही आहे: जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव आणि आसपासची गावं. पुण्याहून अंतर साधारण पंचाहत्तर किलोमीटर. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं इथंच फसफसणारी वाईन तयार केली आणि 'ओमर खय्याम' या नावानं ती परदेशातही विकली गेली. आज मात्र या भागाची ओळख आहे ती खाण्याच्या द्राक्षांसाठी, विशेषतः टपोऱ्या काळ्या जम्बोसाठी.

आम्ही मित्र हिवाळ्यात पुण्याहून नारायणगावला सायकलवर जातो. पहाटे निघायचं. मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड आणि नारायणगावला मीना. एकेक नदी ओलांडत गेलं की सह्याद्रीतून येणाऱ्या पाण्यावर हा सगळा बागायती पट्टा कसा उभा आहे, ते आपोआप उमगतं. गाडीत बसून जाताना या नद्या म्हणजे नुसते पूल असतात.

खरी गंमत महामार्ग सोडल्यावर सुरू होते. आतल्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना बागा. डिसेंबरात गेलात तर मांडवाखाली बायका मान वर करून, बारीक कात्रीनं घडातले मणी विरळ करताना दिसतात. गर्दी झालेले मणी काढले नाहीत तर उरलेले फुगत नाहीत. एकेका घडावर हात फिरतो, तेव्हा कुठं बाजारात दिसतो तसा मोकळा, भरदार घड तयार होतो. जानेवारीत मण्यांत पाणी उतरतं, ते मऊ पडतात, रंग धरतात आणि मग काढणीची लगबग सुरू होते.

फ्रान्समध्ये कडक थंडीत वेल झोपी जाते, म्हणून वर्षातून एकच मुख्य छाटणी पुरते. आपल्याकडे वेलीला ती झोप नाही. त्यामुळे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. पहिलीतून काडी तयार होते, दुसरीतून फळ. वर्षभराचा खर्च आणि राबणूक होते, पीक मात्र एकदाच येतं. त्यात फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की केवडा रोगाची धास्ती. बागायतदार रात्र-रात्र आभाळाकडे बघत काढतो. मंडईत भाव विचारताना हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

म्हणून मला सायकल मोलाची वाटते. सायकलवाला बांधाशी थांबू शकतो. थांबला की 'कुठून आलात?' असा प्रश्न येतो, पाण्याचा तांब्या पुढे होतो आणि बोलणं सुरू होतं. शेतकरी आणि शहरातला खाणारा एरवी समोरासमोर येतच नाहीत. इथं येतात.

बरगंडीत वाट आखली, पाट्या लावल्या, म्हणून लोक गेले. आपल्याकडे कालव्यांच्या कडेचे आणि गावांना जोडणारे रस्ते आधीपासूनच आहेत. त्यांतले काही सायकलींसाठी नीट करावेत, खुणा लावाव्यात, गावात मुक्कामाची सोय व्हावी. त्यातून बागायतदारांच्या घरात चार पैसे जास्तीचे येतील.

तोवर आपण जाऊ या. मालकाला विचारल्याशिवाय बागेत शिरू नका आणि तोडून लगेच तोंडात टाकू नका, कारण फवारणी झालेली असू शकते. परतताना द्राक्षं बागेतूनच विकत घ्या, मागतील त्या भावानं.