विजेच्या मोटारीची दाणावैरण

बैल घ्यायचा ठरला, की आमच्या गावाकडे आधी गोठा शाकारतात. दावण कुठे, गव्हाण कुठे, कडबा किती दिवस पुरेल, हे सारं घरात बोलून होतं आणि मग माणूस बाजाराला निघतो. माझ्या आजोबांनी हा क्रम कधी चुकवला नाही. मी त्यांचा नातू, अर्थशास्त्राचा एम. ए., कॉलेजात मुलांना नियोजनाचं महत्त्व समजावून सांगणारा. मी मात्र आधी बैल घरी आणला आणि मग गोठा शोधायला लागलो. बैल म्हणजे विजेवर चालणारी मोटार. त्या शोधात माझी जी फजिती झाली, जे चार धडे मिळाले, आणि एका भल्या माणसाला मी विनाकारण जे बोललो, ते आज आपल्याला सांगायचं आहे.

मी राहतो नाशकात आणि शिकवायला जातो सिन्नरला. जाऊनयेऊन रोजचे साठ किलोमीटर. पेट्रोलचा खर्च पगाराला कुरतडू लागला तेव्हा विजेच्या मोटारीचा विचार मनात आला. तसं पाहिलं तर विजेचं वाहन आपल्याला नवं नाही. मुंबईत विजेची ट्राम 1907 साली धावू लागली आणि 1964 सालापर्यंत धावत होती. पण ट्रामच्या डोक्यावर तार असे. आपली वीज कुठून येते, हे ट्राममध्ये बसणाऱ्याला कधी विचारावं लागलं नाही. मोटारीचं तसं नाही. ती आपली शिदोरी बरोबर घेऊन निघते, आणि ती शिदोरी रात्री कुणीतरी बांधून द्यावी लागते. म्हणजे वीज आणायचा प्रश्न कंपनीकडून निघून सरळ आपल्या दारात येऊन बसतो. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

दुकानात मला सांगण्यात आलं, “सर, चार्जर मोटारीबरोबर मिळेल. आमचा माणूस येईल, तासाभरात बसवून जाईल.” मी खूश झालो. ठरल्या दिवशी तो माणूस आला. त्याने जिन्याखालची मीटरची खोली पाहिली, पार्किंगमधली माझी जागा पाहिली आणि मला तीन प्रश्न विचारले. तुमच्या मीटरचा मंजूर भार किती आहे? मीटरपासून मोटारीपर्यंत तार किती लांब जाईल? आणि सोसायटीचं पत्र कुठे आहे? इतकी वर्षं मुलांना प्रश्न विचारत आलो. पण या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. तो सभ्यपणे नमस्कार करून निघून गेला.

मोटार मात्र दारात उभी होती. सकाळी सिन्नर गाठायचं होतं. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून एक लांबलचक एक्स्टेन्शन खाली सोडलं आणि मोटारीला जोडून दिलं. दोन रात्री नीट गेल्या. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला पहिल्या मजल्यावरच्या अण्णांना जळका वास आला. अण्णा म्हणजे आमच्या सोसायटीचे खजिनदार; वय सत्तरीच्या पुढे. ते काठी टेकत खाली उतरले, वास कुठून येतो ते शोधलं, आणि वर येऊन माझं दार वाजवलं. प्लग वितळून तपकिरी झाला होता. मी बटण बंद केलं. अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी मात्र फळ्यावर सूचना लागली: पुढील निर्णय होईपर्यंत पार्किंगमध्ये वाहन चार्ज करण्यास मनाई आहे.

खरं म्हणजे मी त्यांचे आभार मानायला हवे होते. पण माणूस चुकलेला असला की त्याला राग लवकर येतो. मी कागदपत्रं धुंडाळली. मालकाने आपल्या राहत्या घरी, असलेल्या वीजजोडणीवरून मोटार चार्ज करावी, याला केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे. 2018 सालापासून या सूचना निघत आल्या आहेत आणि त्यांत पुढे सुधारणाही झाल्या. मला एवढंच हवं होतं. रविवारच्या सभेत मी तो कागद फडकावला. “ही जागा मी पैसे मोजून घेतली आहे,” असंही म्हणालो. आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, “काही लोकांना पाट्यावरवंट्याच्या काळातच राहायचं असतं.” सगळे अण्णांकडे पाहू लागले.

अण्णा शांतपणे म्हणाले, “सर, तुमचा हक्क मला मान्य आहे. फक्त एवढं सांगा, तुमच्या मागून येणाऱ्या सत्तावीस बिऱ्हाडांचा हक्क कुठल्या तारेतून जाणार?”

सभा तिथेच संपली. घरी आल्यावर मला चैन पडेना. ‘सार्वजनिक साधनांचा वापर’ हे प्रकरण मी दरवर्षी वर्गात शिकवतो. गावाचं एक कुरण असतं. पहिला येतो तो चारपट गुरं सोडतो, आणि शेवटच्याच्या गुरांना धसकटंही उरत नाहीत. आमच्या इमारतीत येणारी मुख्य केबल हे आमचं कुरण होतं, आणि पहिला गुराखी मी होतो.

मी कागद पेन्सिल घेऊन बसलो. दुकानातून मिळालेला चार्जर 7.2 किलोवॅटचा होता. म्हणजे घरातली तीन-साडेतीन गिझर एकदम लावली तर जेवढी वीज लागेल, तेवढी तो एकटा ओढणार. अठ्ठावीस बिऱ्हाडांनी असे अठ्ठावीस बसवले आणि सगळे एका वेळी चालू केले, तर दोनशे किलोवॅट! इमारत बांधली तेव्हा कुणाच्या स्वप्नातही हा आकडा नसेल.

मग दुसरं गणित मांडलं. माझी मोटार एका युनिटात सुमारे सात किलोमीटर जाते. साठ किलोमीटरना साडेआठ युनिटं. भरताना थोडी वाया जाते ती धरून साडेनऊ म्हणा. पंधरा अँपिअरच्या नेहमीच्या सॉकेटवर चालणारा साधा चार्जर 3.3 किलोवॅट देतो. त्याच्यावर माझी रोजची भरती तीन तासांच्या आत होते. मोठ्या चार्जरवर ती दीड तासाच्या आत झाली असती. म्हणजे दीड तास वाचवण्यासाठी मी साऱ्या सोसायटीशी भांडत होतो, आणि तो दीड तास मी झोपेत घालवणार होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा मागवला आणि मग आपली हकिगत सांगितली. ते एका कारखान्यात देखभाल खात्यात होते. तिथे एका रात्री एक सैल राहिलेला जोड तापत गेला आणि भडकला. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्याचा उजवा हात कायमचा निकामी झाला. “जोड सैल आहे हे मला दुपारी दिसलं होतं,” अण्णा म्हणाले. “उद्या बघू म्हटलं. तेव्हापासून जळका वास आला की मी उद्यावर टाकत नाही.” मी खाली मान घालून ऐकत होतो.

पुढचे चार-पाच दिवस अण्णा माझे गुरू झाले. त्यांनी जे शिकवलं आणि मी जे वाचून ताडून पाहिलं, ते आपल्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, आपलं विजेचं बिल काढून पाहा. त्यावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. माझा चार किलोवॅट होता. गिझर आणि मोटार एकदम चालली की तो ओलांडला जाणार. म्हणून रीतसर अर्ज करून तो वाढवून घ्यायचा.

दुसरी गोष्ट तारेची. मोटार तासन्‌तास एकसारखी वीज ओढते. इस्त्रीसारखं दहा मिनिटांचं काम नव्हे. म्हणून मीटरपासून मोटारीपर्यंत स्वतंत्र तार हवी, तिच्यावर दुसरं काही जोडायचं नाही. तार जितकी लांब तितकी जाड घ्यावी, नाहीतर ती तापते आणि वीज वाटेतच खर्च होते. अर्थिंग तपासून घ्यावं. चार्जिंगच्या जागांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत. 2019 साली ते पहिल्याने घालण्यात आले. त्यांत सांगितलं आहे, की सॉकेट जमिनीपासून निदान 800 मिलिमीटर उंच असावं, वीज गळू लागली तर 30 मिलिअँपिअरच्या आत प्रवाह तोडणारं उपकरण बसवावं, आणि एक्स्टेन्शन वापरू नये. हे शेवटचं वाक्य वाचताना मला तो तपकिरी प्लग आठवला. घरच्या चार्जरलाही हाच कित्ता गिरवावा, आणि हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं.

तिसरी गोष्ट मीटरची. घरच्याच मीटरवरून वीज घेता येते किंवा मोटारीसाठी वेगळी जोडणी मागता येते. वेगळ्या जोडणीचा हक्क 2024 साली सुधारलेल्या ग्राहक हक्क नियमांनी स्पष्ट केला आहे. त्याच नियमांत नवी जोडणी द्यायची मुदतही कमी केली: महानगरात तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस, खेड्यात पंधरा दिवस, अर्ज मात्र पुरा हवा. आता यातलं काय निवडावं? घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतात. मोटारीची महिन्याची सव्वादोनशेवर युनिटं घरच्या युनिटांत मिळवली, की माझ्यासारखा माणूस तीनशेच्या वरच्या महाग पायरीवर जाऊन उभा राहतो. चार्जिंगसाठीच्या जोडणीला वेगळी दरवर्गवारी आहे. म्हणून आपलं बिल आणि दोन्ही दर शेजारी ठेवून हिशेब करावा. शेजाऱ्याने केलं म्हणून करू नये.

चौथी गोष्ट जागेची. मी सभेत म्हणालो होतो, जागा माझी आहे. ते तितकंसं खरं नव्हतं. इमारतीखालची पार्किंगची जागा ही सामायिक असते, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली पांचाली सोसायटीच्या खटल्यात दिला आहे. आपल्याला मिळतो तो वापराचा हक्क. भिंत सर्वांची, तार नेण्याची वाट सर्वांची. तेव्हा सोसायटीची संमती म्हणजे कुणी आपल्यावर केलेले उपकार नव्हेत, आणि ती आपल्या खिशात आधीच पडली आहे असंही नव्हे. ती मागायची असते, नकाशा आणि आकडे समोर ठेवून.

पुढच्या सभेत मी तसाच गेलो. आधी सगळ्यांसमोर अण्णांची क्षमा मागितली. बोललो होतो चारचौघांत, तेव्हा एकांतातली माफी पुरेशी नव्हती. मग ठराव मांडला. मीटरच्या खोलीत एक सामायिक पॅनेल बसवावं. त्याचा खर्च चार्जर घेणाऱ्यांनी वाटून घ्यावा, पहिल्याने भरलेल्या रकमेतला वाटा नंतर येणाऱ्याने त्याला द्यावा. मुख्य केबलची क्षमता वाढेपर्यंत कुणीही 3.3 किलोवॅटहून मोठा चार्जर बसवू नये. चार्जिंग रात्री अकरानंतर सुरू करावं, म्हणजे पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांच्या गर्दीच्या वेळेवर ताण पडणार नाही. आणि वर्षातून एकदा सगळे जोड तपासावेत. ठराव एकमताने झाला, असं मी म्हणणार नाही. दोघांनी विरोध केला, तिघे गप्प राहिले. पण मंजूर झाला. दुकानाचा मोठा चार्जर माझ्या माळ्यावर पडून आहे.

तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. विजेची स्कूटर घ्यायची त्यांची दोन वर्षांपासूनची इच्छा. रात्रपाळीहून परतताना रिक्षा मिळत नाही. पण सोसायटीशी भांडायचं बळ आपल्यात नाही, म्हणून त्या गप्प होत्या. ठरावानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी स्कूटर आणली. त्यांना कुणाशी भांडावं लागलं नाही. पॅनेलच्या खर्चातला आपला वाटा त्यांनी मला पाकिटात घालून दिला तेव्हा मला अण्णांच्या त्या प्रश्नाचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला. मागून येणारे सत्तावीस म्हणजे नुसता आकडा नव्हता.

तेव्हा श्रोतेहो, आपल्यापैकी कुणाच्या मनात विजेची मोटार घ्यायचं असेल तर अवश्य घ्या. पण रंग निवडण्यापूर्वी विजेचं बिल पाहा, मीटरची खोली पाहा, तार मोजा, आणि सोसायटीतल्या एखाद्या अण्णांच्या घरी चहाला जा. आधी गोठा, मग बैल. अजूनही रात्री अकरा वाजता मी मोटार जोडून वर येतो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या दाराआडून आवाज येतो, “प्लगला हात लावून पाहिलात का सर? गरम नाही ना?” मी म्हणतो, “नाही अण्णा, गार आहे.” मग त्यांच्या घरातला दिवा मालवतो.