स्थितप्रज्ञ आणि स्टोइक
(करडी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



धानाची मळणी आटोपून जरा उसंत मिळालेल्या या दिवसांत, ग्रीस आणि रोम या दूरच्या मुलुखांतील तत्त्वज्ञांविषयी ऐकण्यासाठी आपण जमला आहात. परंतु प्रारंभ मी रोमपासून करणार नाही. आपल्या मोहाडी तालुक्यातून जी वैनगंगा वाहते ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते, आणि त्याच सिवनीच्या तुरुंगात १९४४ च्या हिवाळ्यात विनोबा भावे यांनी सहबंदिवानांपुढे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर अठरा व्याख्याने दिली. ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ या नावाने ती पुढे ग्रंथरूप झाली. आत्मजयाचा विचार आपल्या नदीच्या उगमाकडे, आणि तोही गजांआड बसून, इतक्या सांगोपांग रीतीने मांडला गेला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

अर्थपूर्ण अशासाठी की, ज्याला स्टोइक दर्शन म्हणतात त्याचा इतिहासही केवळ सुखवस्तू माणसांच्या दिवाणखान्यात घडलेला नाही. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास झेनो नावाचा सायप्रस बेटावरचा मनुष्य अथेन्समधील चित्रांनी सजवलेल्या एका ओसरीत शिकवू लागला, तेथून ही परंपरा चालू झाली. तिचा सर्वांत तेजस्वी आचार्य एपिक्टेटस हा मात्र जन्माने गुलाम, पायाने अधू आणि रोमच्या बादशाही दरबारातील एका अधिकाऱ्याच्या मालकीचा होता. पुढे तो मुक्त झाला, नंतर डोमिशियन बादशहाच्या फर्मानाने तत्त्वज्ञांना रोममधून हद्दपार व्हावे लागले, आणि त्याने निकोपोलिस येथे आपली शाळा काढली. त्याने स्वहस्ते काही लिहिले नाही. एरियन नावाच्या शिष्याने त्याची प्रवचने टिपून ठेवली, त्यांच्या आठ खंडांपैकी चारच आज उपलब्ध आहेत. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आठवले म्हणजे एरियनच्या परिश्रमाचे मोल आपल्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. याच गुलामाची प्रवचने रस्टिकस या गुरूने मार्कस ऑरेलियसच्या हाती दिली, आणि मार्कस रोमचा बादशहा झाल्यावरही, डॅन्यूबकाठच्या फौजी छावण्यांत मुक्काम असताना, रणधुमाळी आणि राज्यभर पसरलेली महामारी यांच्या मध्ये बसून स्वतःलाच उद्देशून ग्रीक भाषेत टिपणे लिहीत राहिला.

आता या दर्शनाचे मर्म कशात आहे ते पाहू. एपिक्टेटसचे म्हणणे असे की, काही गोष्टी आपल्या स्वाधीन आहेत आणि काही नाहीत. देह, संपत्ती, लौकिक, अधिकारपद ही पराधीन, आणि आपला निर्णय, आपली इच्छा, आपला नकार ही स्वाधीन. हे विधान बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते, आणि बहुतेक व्याख्याते येथेच थांबतात. पण खरा अभ्यास याच्या पुढे आहे. बाहेरची घटना मनावर उमटते आणि त्याच क्षणी तिच्याविषयीचा एक अभिप्रायही आपल्यापुढे हजर होतो. त्या अभिप्रायाला संमती द्यावयाची की नाही, हा एकच अधिकार माणसाच्या हाती आहे, आणि तो बजावण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. याच परंपरेतील सेनेकाने क्रोधावरील आपल्या ग्रंथात याची बारकाईने फोड केली आहे: पहिला उसळता आवेग अनैच्छिक असतो, त्याचा दोष कोणालाही देता येत नाही, दुसऱ्या पायरीवर बुद्धी ‘माझ्यावर अन्याय झाला, सूड घेतला पाहिजे’ या विचाराला मान्यता देते, आणि तिसऱ्या पायरीवर क्रोध बुद्धीला जुमानीनासा होतो.

आपल्या गावातले उदाहरण घ्या. शेजाऱ्याच्या नांगराने धुरा हातभर सरकला आहे, असे सकाळी शेतावर जाताच दिसते. रक्त तापते, ते तापणारच. परंतु ‘धुरा सरकला’ ही घटना, आणि ‘याने मला लुटले, याला धडा शिकवीन’ हा अभिप्राय, या दोहोंच्या मध्ये जी अरुंद जागा आहे, तिच्यात जो उभा राहू शकला तो मोजणीचा अर्ज करील, पंचांना बोलावील, आपला हक्क पुरता वसूल करील. आणि ज्याला तेथे उभे राहता आले नाही त्याची दोन पिढ्यांची कमाई कोर्टकचेरीत जाईल. हक्क सोडावा असे येथे कोणी म्हणत नाही. गीताही विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून मोह, स्मृतिभ्रंश आणि अखेर बुद्धिनाश अशी जी साखळी दाखविते, तिच्यातही पहिली कडी चिंतनाची आहे, आणि ती तोडणे सर्वांत सोपे असते.

तथापि दोन्ही दर्शने एकच आहेत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्टोइकाचा मुख्य भरवसा विवेकावर आहे. गीतेला एक अडचण अधिक स्पष्ट दिसली आहे: आहार तोडला तरी चव उरते, विषय दूर केले तरी त्यांतील रस मनात तसाच राहतो, आणि परमतत्त्वाच्या दर्शनावाचून तो निवृत्त होत नाही. ज्याने कधी एखादे व्यसन सोडून पाहिले असेल त्याला या निरीक्षणाचे सत्य पटेल. हात थांबतो, ओढ थांबत नाही. म्हणून स्थितप्रज्ञाच्या मार्गात इंद्रियसंयमाला ईश्वरपरायणतेची जोड दिलेली आहे. मला स्वतःला ही जोड आवश्यक वाटते, आणि ती तितकी ठळक नसल्यामुळे स्टोइक लेखनात कधीकधी एक ताठरपणा, दाबून धरलेल्या श्वासासारखा, जाणवतो.

या विचारावर एक मोठा आक्षेप घेतला जातो, आणि तो हलक्या हाताने टाळण्यासारखा नाही. धानाला भाव नाही, पाऊस दगा देतो, कर्जाचा तगादा चालू आहे, अशा माणसाला ‘मन जिंक’ म्हणून सांगणे ही पोट भरलेल्याची चैन नव्हे काय? ज्याने स्वतः काही सोसले नाही त्याने दुसऱ्याला समाधानाचा उपदेश करू नये, हे मला पूर्णतः मान्य आहे. परंतु स्वाधीन-पराधीनाचा विवेक म्हणजे जे पडेल ते सोसणे नव्हे. या भागातील कोहळी समाजाच्या पूर्वजांना पाऊस आपल्या हुकमतीत नाही हे पुरते ठाऊक होते; म्हणूनच त्यांनी पाळी घातल्या, सांडवे काढले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखली गेलेली तळी उभी केली. विनोबांनीही राज्यकर्त्यांच्या अंमलाखाली गप्प बसणे पत्करले नाही. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून ते उभे राहिले. ज्याला तुरुंगाचे भय उरलेले नाही, त्याच्यापुढे सत्तेचे हुकूम थिटे पडतात.

हे बळ एका व्याख्यानाने येत नाही, माझ्या तर नाहीच नाही. ते कसे मिळविले जाते याचे एक उदाहरण सांगतो. १९३८ साली विनोबांची प्रकृती इतकी खालावली होती की वजन ८८ पौंडांवर आले होते. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची सूचना होत असता त्यांनी पवनारला, धाम नदीकाठी, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहावयाचे ठरविले, आणि नदीवरचा पूल ओलांडताना आश्रमाच्या कारभाराची व संस्थांची सर्व चिंता मनातून टाकून दिली. नंतर त्यांनी तेथे कुदळ हाती घेतली: प्रथम काही मिनिटे, मग थोडे अधिक, मध्ये विसावा, पुन्हा खोदणे, असा क्रम रोज चालला आणि हळूहळू देह सावरला. ज्या मनाने चिंतेला संमती नाकारली त्याच मनाने कुदळीला दिली, आणि दोन्ही गोष्टी एकाच दिनक्रमात बसविल्या. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदान चळवळीचा आरंभ झाला, आणि वयाची पंचावन्न वर्षे उलटलेला हा कृश मनुष्य त्यानंतर वर्षानुवर्षे गावोगाव पायी हिंडत राहिला. त्या चळवळीतून भूमिहीनांच्या पदरात प्रत्यक्ष किती जमीन पडली याचा हिशेब निराळा आहे, आणि तो कठोरपणे मांडला गेला पाहिजे. मात्र इतकी वर्षे त्या चालण्याला पुरलेले सामर्थ्य पवनारच्या त्या रोजच्या खोदण्यात आणि सिवनीच्या त्या अठरा व्याख्यानांमागील चिंतनात साठत होते, असे माझे मत आहे.