डॉक्टर घडताना



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत काउंटरवर बसणारे. तरीही डॉक्टरांच्या शिक्षणावर चार शब्द बोलायला उभे आहोत, कारण त्या शिक्षणातील उणिवेची किंमत शेवटी आपल्यासारख्या रुग्णांनाच मोजावी लागते.

आमच्या काकूंना क्षय झाला होता. एका रुग्णालयात त्यांच्या खाटेभोवती सात-आठ शिकाऊ डॉक्टर उभे राहिले, आपसांत इंग्रजीत बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले. गोळ्या मिळाल्या, पण बरे वाटले तरी सहा महिने त्या सोडायच्या नाहीत, हे कोणी समजावून सांगितले नाही. दोन महिन्यांत खोकला थांबला, काकूंनी गोळ्याही थांबवल्या. आजार उलटला. निदान बरोबर होते, औषध बरोबर होते. बोलणे तेवढे राहून गेले. त्या मुलांना तरी दोष काय द्यावा? ते त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

ही उणीव जाणत्यांनी फार पूर्वी ओळखली होती. डॉक्टर हा समाजाचा वैद्य असावा, असे भोर समितीने १९४६ च्या अहवालातच सुचवले होते. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते व त्यातील कुटुंबे विद्यार्थ्यांकडे सोपवली जातात. इतरत्र मात्र पहिले वर्ष शरीररचनेची पुस्तके पाठ करण्यातच जाई.

२०१९ पासून एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम देशभर बदलला. किती पाठ आहे यापेक्षा काय करता येते, याला त्यात महत्त्व आहे. सुरुवातीला पायाभूत वर्ग असतो. त्यात स्थानिक भाषेची ओळखही आहे. पहिल्या वर्षापासूनच रुग्णाशी गाठ पडते. सुई टोचणे, हृदय बंद पडल्यास छाती दाबणे, हे आधी पुतळ्यावर गिरवता येते. वृत्ती, नीती आणि संवाद हा स्वतंत्र भाग आला. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रमही सर्वांना लागू केला.

हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु नियम कागदावर आला म्हणजे काम झाले, असे नव्हे. आमच्या बँकेतही ग्राहकाशी सौजन्याने वागा, असे परिपत्रक येते; शेजारचा ज्येष्ठ सहकारी जसा वागतो, तसाच नवा कारकून वागतो. वैद्यकीय महाविद्यालयातही वहीवर सही झाली की संवाद शिकून झाला, असे होता कामा नये. गुरुजन खाटेजवळ बसून बोलले, तरच शिष्य बसतील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या या शिक्षणाला जाल. आपल्या आया-बहिणी दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात, ते तुम्हाला घरातच कळलेले आहे. इंग्रजी जरूर शिका. पण घरच्या या शब्दांची लाज बाळगू नका. ते तुमचे भांडवल आहे. आणि सभासदांनो, शिकाऊ डॉक्टर आपल्या दारी आले, तर त्यांना बसवा, सारे मोकळेपणाने सांगा आणि औषध किती दिवस घ्यायचे, हे न संकोचता दोनदा विचारा.

काकूंना पुन्हा पहिल्यापासून उपचार घ्यावे लागले. त्या वेळी एक तरुण डॉक्टर त्यांच्याजवळ बसून दहा मिनिटे बोलली. त्यानंतर काकूंनी एकही गोळी चुकवली नाही. ती दहा मिनिटे प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला यावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.