घरचा सर्व्हर : खर्चाआधी हिशेब



आपल्या अकलूजमध्येही आता मुले घरी नवा हट्ट धरतात. 'मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर घरीच चालवायचा आहे, भारी कॉम्प्युटर घ्या.' पालक एक तर रागावतात, नाही तर हप्त्यावर यंत्र आणतात. दोन्ही गोष्टी हिशेबावाचून होतात. हा हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराने सुटतो, म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहे.

सर्व्हर म्हणजे खेळाची एकच खरी नोंदवही सांभाळणारे यंत्र. कोण कोठे उभा आहे, कोणी कोठे भिंत रचली, हे ते सर्व खेळाडूंना क्षणोक्षणी कळवीत असते. म्हणून येथे घरातून बाहेर जाणारा प्रवाह, म्हणजे अपलोड, महत्त्वाचा. नीरा उजव्या कालव्याच्या या तालुक्यात हे वेगळे समजावून सांगायला नको. विहीर कितीही भरलेली असो, शेवटच्या वाफ्याला पाणी पाइपाच्या मापानेच पोचते. जाहिरातीतला मोठा आकडा मात्र बहुधा डाउनलोडचा असतो. २०२३ साली सरकारने ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट केला, तोही डाउनलोडचाच. तेव्हा अपलोड किती, हे स्वतः मोजून पाहावे. एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊला.

आता आकडे घेऊ. दर खेळाडूमागे सेकंदाला १ मेगाबिट धरा. हा अंदाज सढळ हाताचा आहे. दहा खेळाडूंना १० मेगाबिट लागतील. घरातील इतर वापरासाठी निम्मे आणखी ठेवा, म्हणजे १५ झाले. वेग बिटमध्ये मोजतात आणि साठा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १० मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट, तासाला साडेचार गिगाबाइट. रोज दोन तास खेळल्यास महिन्याला २७० गिगाबाइट होतात. आपल्या योजनेची मर्यादा याच्याशी ताडून पाहा.

यंत्राचे काय? हा खेळ सेकंदाला २० वेळा सारे गणित नव्याने मांडतो, म्हणजे प्रत्येक वेळी ५० मिलिसेकंद मिळतात. हे काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. म्हणून कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग पाहावा. दहा जणांच्या साध्या खेळाला ४ गिगाबाइट मेमरी पुरेशी आहे. म्हणजे ८ गिगाबाइटचा, एसएसडी बसविलेला जुना कॉम्प्युटरही चालतो. आणि ज्याच्यामुळे किंमत वाढते ते ग्राफिक्स कार्ड? सर्व्हरला चित्र काढायचेच नसते, त्यामुळे त्याची गरज नाही.

विजेचाही विचार करा. ६० वॅटचे यंत्र दिवसरात्र चालले तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात. रोज दोनच तास चालविले तर साडेतीनच्या आसपास. वीज अचानक गेली तर खेळाची नोंद बिघडू शकते, म्हणून लहानसा यूपीएस असावा.

एक अडचण पैशाने यंत्र घेऊनही सुटत नाही. पुष्कळ कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. वाड्याच्या दारापर्यंत पत्र येते, पण खोली कोणती हे टपालवाल्याला कळत नाही. तसे मित्र घराबाहेरच अडकतात. राउटरमधला बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर हीच स्थिती समजावी. तेव्हा स्वतंत्र पत्ता मिळेल काय व किती रुपयांत, हे कंपनीला आधी विचारावे. आणि पत्ता मिळाला म्हणजे दार उघडले, हेही ध्यानात असू द्या. सर्व्हरमधील व्हाइटलिस्ट चालू ठेवून ओळखीच्या मुलांचीच नावे त्यात घालावीत.

पालकहो, पुढच्या वेळी मुलाने मागणी केली की नकारही देऊ नका आणि दुकानही गाठू नका. त्याच्या हाती कागद द्या व सांगा, 'खेळाडू किती, अपलोड किती, वीज किती, पत्ता कोणता, हे लिहून आण.' पुष्कळदा घरातलेच यंत्र पुरेल असे उत्तर निघेल. न पुरले, तर नेमके काय कमी पडते हे तरी पैसे देण्याआधी कळेल. विद्यार्थी मित्रांनो, हा कागद तुम्ही आपणहून पुढे ठेवलात, तर घरात तुमच्या शब्दाला वजन येईल.