मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतले जेल : महाग की योग्य?
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



मी सरकारी दवाखान्यात नेत्र सहायक आहे. मोतीबिंदूच्या पेशंटचे नातेवाईक लेन्सची किंमत हमखास विचारतात. जेलबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. जेल म्हटल्यावर दचकू नका, हे तुरुंगातले नव्हे!

डोळ्याला छेद दिला की आतले पाणी बाहेर येते आणि पुढची पोकळी बसू लागते. ती जागा धरून ठेवायला पारदर्शक जेल भरतात. त्याचे दुसरे काम त्याहून मोठे. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी. या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. फार कमी झाल्या तर कॉर्निया सुजून धूसर होतो. जेल त्यांना मशीनच्या धक्क्यापासून वाचवते.

मुख्य प्रकार तीन. पहिला मिथाइलसेल्युलोजचा, म्हणजे एचपीएमसी. हे वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनते, स्वस्त असते, फ्रिज लागत नाही. म्हणून शिबिरांत बहुधा हेच वापरतात. दुसरे सोडियम हायलुरोनेट. ते दाट असते, जागा उत्तम धरते आणि गोळ्यासारखे सहज बाहेर निघते. तिसऱ्यात त्याच्याबरोबर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असते. ते पेशींना चिकटून राहते, पण काढायला वेळ लागतो.

मग सर्वांत चांगले कोणते? साध्या मोतीबिंदूत अनुभवी हातांना स्वस्त जेलही पुरते. मोतीबिंदू कडक असेल किंवा पेशी आधीच कमी असतील, तर चिकटून राहणारे जेल खरे उपयोगी. काही सर्जन एकाच डोळ्यात दोन्ही प्रकार वापरतात. म्हणजे निवड पाकिटावरून नव्हे, डोळ्यावरून होते.

दोन गोष्टी घरी जाऊन जरूर सांगा. जेल आत राहिले तर पहिल्या चोवीस तासांत डोळ्याचा दाब वाढू शकतो. म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवू नका. खूप दुखले, उलटी झाली तर तोवरही थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि "मोतीबिंदू पिकू द्या" हा जुना सल्ला आता सोडा. तो जितका कडक होतो, तितका या पेशींवर ताण जास्त. आजी-आजोबांना वेळेवर दाखवलेत, तर महागड्या जेलची गरजही बहुधा पडणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!